रेडिओ आणि पिंपवाल्याचा पोर

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात एक रेडिओ होता. तो बिघडला. त्याच्या जागी जो माणूस बसला, त्याचंही नाव रेडिओच पडलं. त्याची ही गोष्ट.

तो आला तेव्हा त्याला खोका करता येत नव्हता, आणि कारखाना सोडून गेला तेव्हाही येत नव्हता. मी पुठ्ठा कापायचो. माझ्या पात्याखालून पुठ्ठा सरळ जायचा, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण तोच पुठ्ठा रेडिओच्या हातात गेला की त्याचं काहीतरी व्हायचं. त्याच्या खोक्याला कोपरे चारच असायचे, पण चौघांचं आपसात पटत नसे. आत्या, म्हणजे कामावर देखरेख करणारी बाई (सगळा कारखाना तिला आत्याच म्हणायचा), असा खोका डोळ्यांसमोर धरून म्हणायची, "अरे, यात चांगला बूट ठेवला तरी लंगडत बाहेर येईल."

तो आळशी नव्हता. हे आधीच सांगतो, कारण आळशी माणसावर मी शाई खर्च केली नसती. तो घाम गाळून वाईट खोके करायचा. अडचण वेगळीच होती. आमच्या खोक्यांना आतून रद्दी कागद लावत. छापखान्यातून गठ्ठे यायचे, वाया गेलेल्या छापील पानांचे. आम्ही त्यांना खळ फासायचो आणि चिकटवायचो. रेडिओ ती पानं आधी वाचायचा, मग चिकटवायचा. कधीकधी नुसताच वाचायचा.

एकदा त्याने एक पान मोठ्याने वाचलं. कुठल्याशा गोष्टीतलं होतं. एक बाई विहिरीवर वाकून बघते, तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारतं, आणि पान संपतं.

"कोणी हाक मारली?" खळवाल्या वहिनींनी विचारलं.

"पुढचं पान नाही."

"असं कसं नाही? गठ्ठा एकच ना?"

शोधाशोध झाली. पुढचं पान एका तयार खोक्याच्या तळाला चिकटलेलं निघालं. खोका फाडला. हाक नवऱ्याने मारली होती. सगळ्यांचा विरस झाला, आणि आत्या कडाडली, "चांगला खोका फाडला! नवरा हाक मारणार नाही तर कोण मारणार?"

पण आत्या धोरणी होती. तिने बघितलं की त्या शोधाशोधीनंतर सगळ्यांचे हात भराभर चालले होते. दुसऱ्या दिवसापासून तिने नियम केला. चहानंतर रेडिओने वाचायचं. तेवढ्या वेळातले त्याच्या वाटचे खोके बाकीच्यांनी करायचे. प्रत्येकाने आपल्या ढिगातले थोडे त्याच्या ढिगावर ठेवायचे.

मी विरोध केला. म्हटलं, खोका दिसतो, मोजता येतो, वाचलेलं काय दिसतं? वाचणं हे काम नाही.

"कापणाऱ्या," आत्या म्हणाली, "तुझ्या पात्याचा आवाज ऐकून आमचे कान किटले. आता दुसरं काहीतरी ऐकू दे."

मी महिनाभर त्याच्या ढिगावर एकही खोका ठेवला नाही. मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझं पातं खाली येताना खट्ट होतं. रेडिओ आपलं वाक्य नेमकं त्या खट्टच्या आधी आणून संपवायचा. एक शब्द माझ्या पात्याखाली जाऊ देत नसे. त्यासाठी तो आदल्या दिवशी घरी पान वाचून बसवायचा. अडणारे शब्द चारदा म्हणून बघायचा. हे कळल्यावर मीही माझा वाटा ठेवायला लागलो. त्याने बघितलं आणि पुढचं वाक्यही खट्टच्या आधीच संपवलं.

एके दिवशी रद्दीत एक अख्खं पुस्तक आलं. कव्हर नव्हतं, शिवण उसवलेली, पण पानं सगळी. अमेरिकेतल्या एका जुन्या कवीचं चरित्र होतं, मधेमधे त्याच्या कविता, सगळं आपल्या भाषेत उतरवलेलं. कवीचं नाव आमच्या कोणाच्या जिभेवर धड बसेना. त्याचा बाप लाकडी पिंपं करायचा, म्हणून आम्ही त्याला पिंपवाल्याचा पोर म्हणायला लागलो.

कवी म्हटल्यावर आधी सगळ्यांनी नाकं मुरडली. पण पिंप म्हणजे तरी काय, लाकडाचा गोल खोकाच. धंदा आमच्यातलाच निघाला. बाप प्रत्येक पिंप झालं की त्यात काठोकाठ पाणी भरून रात्रभर ठेवायचा. सकाळी खाली ओल दिसली की पिंप सोडवून पुन्हा पहिल्यापासून. पोरगाही कवितेचं तसंच करायचा, असं पुस्तकात होतं. लिहायची, ठेवून द्यायची, आणि बऱ्याच दिवसांनी बघायचं, गळते का. गळली की मोडायची. हे ऐकून मी पातं वरच धरून उभा राहिलो.

"कापणाऱ्या, झोप लागली का?" आत्याने विचारलं.

"ऐकतोय," मी म्हटलं.

पोराने बापाचा धंदा केला नाही. त्याला पुलावरच्या नाक्यावर काम मिळालं. गाडी आली की आडवा दांडा वर करायचा, गेली की खाली. उभी हयात त्याने तेच केलं आणि दोन गाड्यांच्या मधे कविता लिहिल्या. म्हणून त्या छोट्या. लांब लिहायला बसला असता तर गाडीवाल्यांनी शिव्या दिल्या असत्या.

एक कविता अशी होती:

रिकाम्या पिंपात वाकून बघितलं.
सफरचंदं गेली होती, वास मागे राहिला होता.
जाताना दार ओढून घ्यायला
कोणीतरी विसरलं होतं.

"म्हणजे पिंप नीट धुतलं नव्हतं," आत्या म्हणाली.

"आत्या, तसं नाही..."

"मग कसं? वास राहिला म्हणजे धुतलं नाही. बाप एवढा कष्टाळू आणि पोराला साधं पिंप धुता येईना."

पण खळवाल्या वहिनींनी ब्रश खळीत ठेवला आणि विचारलं, "पुन्हा वाचतोस?" त्याने पुन्हा वाचली. वहिनींचा नवरा तेव्हा छातीच्या दुखण्याने इस्पितळात होता. गावाबाहेरचं मोठं इस्पितळ, लांबच लांब वऱ्हांडा. वहिनी काम सुटलं की तिकडे जायच्या, त्याच्या खाटेपाशी बसायच्या आणि पिंपवाल्याच्या पोराने आज काय केलं ते सांगायच्या. घरची रडगाणी सांगण्यापेक्षा ते बरं, म्हणायच्या. नवरा मोटारीची पंक्चरं काढणारा, बोलका माणूस, पण आता बोललं की खोकला यायचा. म्हणून तो ऐकायचा.

आणि मग पुस्तकात कवीलाही खोकला लागला.

रेडिओने ते पान अर्धंच वाचलं. वहिनींचा ब्रश हवेत थांबलेला मी बघितला, रेडिओनेही बघितला. "आज घसा बसलाय," असं म्हणून त्याने पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी त्याने वाचलं की कवीला बहिणीने आपल्या घरी नेलं. घराला दक्षिणेकडे दगडी भिंत होती. तिच्याशी खुर्ची टाकून कवी सकाळच्या उन्हात बसायला लागला. आठवड्याने तो पहिल्या झाडापर्यंत चालत गेला. मग दुसऱ्या. मग फाटकापर्यंत.

वहिनी भराभर खोके करत होत्या. संध्याकाळी हे सगळं इस्पितळात पोचत होतं.

आता कापणाऱ्याची नजर कडेवर असते, ती माझी सवय. मी रेडिओच्या मागेच उभा असायचो. काही दिवसांनी मला दिसलं की कवी फाटकापर्यंत गेला, बाजारात गेला, परत नाक्यावर रुजू झाला, पण पुस्तकाचं पान काही उलटत नाहीये. जिथे घसा बसला होता, तिथेच उघडं.

हात धुवायच्या नळापाशी मी त्याला गाठलं. "पान चिकटलंय का रे?"

त्याचा चेहरा खळीसारखा पांढरा झाला. त्याने पुस्तक माझ्या हातात दिलं. शेवटचं प्रकरण होतं, फार मोठं नव्हतं. कवी त्या खोकल्यातून उठला नव्हता. चाळिशीही गाठली नव्हती त्याने.

"वहिनींना हे वाचून दाखवू?" रेडिओ म्हणाला. "त्या जातील तिथे आणि काय सांगतील?"

"सांगतील की पुस्तक संपलं."

"त्यांना खोटं बोलता येतं का? तोंडावर दिसतं सगळं."

ते खरं होतं. मी पुस्तक परत दिलं. एवढंच म्हटलं, "मग नीट कर. वेडावाकडा कोपरा ठेवू नकोस."

आणि कबूल केलं पाहिजे, ते काम त्याने नीट केलं. जन्मात एक खोका सरळ न केलेल्या माणसाने तो बरा झालेला कवी असा चौकोनी उभा केला की कुठून बोट शिरेना. आत्याने कवीच्या लग्नाचा लकडा लावला. "एवढा कमावता माणूस, बहिणीच्या घरी किती दिवस?" रेडिओने पाव भाजणारी एक विधवा आणली. आत्याला ती आधी पसंत पडली नाही, मग पडली. कवीने घोडा घेतला, तेव्हा तर भांडणच झालं.

"घेताना गुडघे बघितले का त्याने?"

"पुस्तकात तसं नाही, आत्या."

"म्हणजे नाही बघितले. फसला!"

दुसऱ्या दिवशी घोडा लंगडा निघाला. आत्या आठवडाभर खुशीत होती.

इकडे वहिनींचा नवरा खाटेवरून खिडकीपर्यंत गेला. मग वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत, मग इस्पितळाच्या फाटकापर्यंत. वऱ्हांड्यात एक भिंत होती, तिच्याशी खुर्ची टाकून तो सकाळी उन्हात बसायचा. तो औषधांनी बरा झाला. डॉक्टर तसं म्हणाले आणि ते खरंच असणार. पण घरी आल्यावर तो जो भेटेल त्याला सांगायचा, "औषध डॉक्टरांनी दिलं, पण गिळायचं कशाला, ते पिंपवाल्याच्या पोराने सांगितलं."

तिथेच पुस्तक मिटलं असतं तर बरं झालं असतं. पण आत्या वाचनालयाच्या बाजूने येत होती आणि तिने दारावरचा कागद वाचला. आमच्या कवीवर भाषण होतं. कॉलेजातल्या प्राध्यापक बाई बोलणार होत्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी, सर्वांना मोफत प्रवेश.

"आपल्या पोरावर भाषण!" आत्या दारातूनच ओरडली. "सगळ्यांनी यायचं. स्वच्छ कपडे घालून."

रेडिओने सांगून बघितलं की अशी भाषणं कंटाळवाणी असतात. मग सांगितलं की वाचनालयात खुर्च्या कमी आहेत. मग म्हणाला, बहुतेक हा दुसराच कवी असेल, अमेरिकेत खूप आहेत.

"पुलावरचाच आहे. कागदावर पुलाचं चित्र आहे," आत्या म्हणाली. "तुला काय झालंय? तू तर पुढच्या रांगेत बसायला हवंस."

वहिनींनी नवऱ्यालाही आणायचं ठरवलं. त्या दिवशी रेडिओचे खोके नेहमीपेक्षाही वाईट झाले. मी त्याला म्हटलं, आधीच सांगून टाक. तो म्हणाला, उद्या सांगतो. उद्या म्हणत म्हणत सुट्टीचा दिवस आला.

वाचनालयाच्या खोलीत आम्हीच जास्त होतो. आमच्याशिवाय ग्रंथपाल, दोन विद्यार्थी आणि पंख्याखाली डुलकी घेणारे एक गृहस्थ. प्राध्यापक बाई एवढी माणसं बघून हरखल्या. चांगलं बोलल्या, हे सांगतो. आव आणला नाही. पुलाचं सांगितलं, दांड्याचं सांगितलं. पिंपात पाणी भरून ठेवायचं सांगितलं, तेव्हा मी रेडिओकडे बघितलं. ते पुस्तकातलंच होतं तर. मला बरं वाटलं.

मग बाईंनी विचारलं, कोणाला काही प्रश्न? वहिनींचा नवरा उभा राहिला.

"बाई, आजारातून उठल्यावर त्याने ज्या कविता लिहिल्या, त्यांच्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"कुठल्या आजारातून?"

"छातीच्या. बहिणीकडे राहिला होता तेव्हा."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्यातून तो उठला नाही हो. बहिणीच्या घरीच गेला."

"आणि लग्न?" आत्याने बसल्या जागेवरून विचारलं.

"लग्न नाही झालं."

"घोडा?"

"घोड्यांना तर तो घाबरायचा. नाक्यावर घोडागाडी आली की दांडा वर करून लांब उभा राहायचा."

रेडिओ आपल्या चपला बघत होता. वहिनींचा नवरा अजून उभाच होता.

"मग त्या भिंतीशी उन्हात कोण बसलं होतं?"

"कोणती भिंत?" बाईंना काही कळेना. "तसं काही नोंदलेलं नाही. कोणी नसेल बसलं."

"मी बसलो होतो," तो म्हणाला आणि खाली बसला.

बाहेर पायऱ्यांवर वहिनींनी रेडिओला गाठलं. मला वाटलं, रडतील. त्या रडल्या नाहीत.

"मला लहान मूल समजलास?"

"वहिनी, त्या वेळी..."

"त्या वेळी तू गप्प बसायचंस. रोज संध्याकाळी मी ते सांगत होते. तुझं खोटं माझ्या तोंडून गेलं. उद्यापासून तुझं काम तू कर."

दुसऱ्या दिवशी चहानंतर वहिनींनी त्याच्या ढिगावर खोका ठेवला नाही. मग त्यांच्या शेजारणीने ठेवला नाही. मग कोणीच नाही. मीही नाही, कारण एकट्याच्या वाट्याने ढीग होत नाही. रेडिओ आपल्या टेबलाशी बसून दिवसभर घडी घालायचा, मोडायचा, पुन्हा घालायचा. संध्याकाळी आत्या त्यातले निम्मे बाजूला काढायची. एकदा ती म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत बघते. पुढे मला मालकांना उत्तर द्यायचंय." तो मान हलवून पुढच्या पुठ्ठ्याला लागला. त्याच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. त्याने हात आखडता घेतला नाही, हे मी लिहून ठेवतो.

कारखान्यात आता फक्त माझं पातं ऐकू यायचं. खट्ट. खट्ट. मलाच नकोसं झालं. एक बाई रद्दीतलं पान वाचायला गेली, दोन ओळींत अडखळली आणि लाजून तिने ते चिकटवून टाकलं.

महिना संपत आला होता, तेव्हा चहाच्या वेळी वहिनींचा नवरा कारखान्यात आला. त्याने रिकामा खोका ओढला आणि त्यावर बसला. खोका आमच्यातल्या चांगल्या हाताचा होता, दबला नाही.

"रेडिओ, ते पुस्तक आहे का?"

"आहे."

"शेवटचं वाच. मी कशातून वाचलो ते मला कळू दे."

रेडिओने वहिनींकडे बघितलं. वहिनी खळ ढवळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "वाच. पण पुस्तकातलंच."

"आणि पुस्तकातलं कुठलं, पदरचं कुठलं, आम्ही कसं ओळखायचं?" आत्या म्हणाली. "आम्ही काय मागे उभं राहून पानं मोजू?" हे बोलताना तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पात्याला तेल घालायला लागलो. मग तिने भिंतीकडे बघितलं. खिळ्याला एक जुनी टोपी होती. केसांत पुठ्ठ्याचा भुसा जाऊ नये म्हणून कामावर देत. "ती घे. बोडक्या डोक्याने वाचशील ते पुस्तकातलं. टोपी घातलीस की तुझं. आणि खोटी टोपी घातलीस तर त्याच खिळ्याला तुला टांगीन."

रेडिओने टोपी मांडीवर ठेवली. बोडक्या डोक्याने वाचायला लागला.

कवीची खाट बहिणीने खिडकीपाशी सरकवली होती. तिथून पूल दिसायचा. त्याच्या जागी नवा माणूस लागला होता, आणि कवी पडल्यापडल्या बघत असे, तो दांडा वेळेवर वर करतो का. उशीर झाला की बहिणीला सांगायचा, गाडीवाला खोळंबलाय. शेवटच्या दिवशी नव्या माणसाने दांडा सकाळपासून वरच ठेवला. ज्याला जायचं त्याने जावं. कवीने ते बघितलं आणि म्हणाला, आज काम बरं चाललंय. दुपारी तो गेला. बहिणीला उशीखाली कागद सापडले, थोडेच. बाकीचे त्याने आधीच मोडून टाकले होते.

मी पातं खाली आणलं नव्हतं. रेडिओने पान उलटलं. पुढे काही नव्हतं.

"माझ्यापेक्षा लहान होता," वहिनींचा नवरा म्हणाला.

आत्याने नाक पुसलं. "पण पिंप धुवायला हवं होतं त्याने," ती म्हणाली, पण त्यात जोर नव्हता.

वहिनींनी हात पुसले. आपल्या ढिगावरचा एक खोका उचलला, कोपरे बघितले, आणि रेडिओच्या ढिगावर नेऊन ठेवला. मग आणखी एक. मग परत जागेवर जाऊन ब्रश हातात घेतला.

"संपलं ना?" त्या म्हणाल्या. "आता घाल टोपी. त्या लंगड्या घोड्याचं पुढे काय झालं?"